भिंतींना कान असतात, रेंज नसते!

मुलगी इंजिनिअरिंगला गेली, त्यातही ई अँड टीसीला गेली, की गावाकडे तिला डिग्री पहिल्याच दिवशी मिळते. कॉलेज देतं ती चार वर्षांनी, तीही केटी नसल्या तर! फर्स्ट इयरचा निकाल लागायच्या आत माझ्याकडे शेजारच्या काकूंचा मिक्सर, मामांचा इन्व्हर्टर आणि देवळातला लाऊडस्पीकर अशा तीन केसेस येऊन पडल्या होत्या. (लाऊडस्पीकरला मी हात लावला नाही. देवळाची आणि आमची भिंत एकच आहे, आणि सबमिशनच्या दिवसांत तो बंद असलेलाच बरा.)

संपादक मंडळाने या वर्षी सांगितलं की मराठी विभागात 'पाऊस', 'आई' आणि 'मैत्री' या तिन्ही विषयांचा कोटा भरलाय, दुसरं काहीतरी द्या. म्हणून मी राऊटरवर लिहितेय. ड्युअल बँड वायरलेस राऊटर. हसू नका. आमच्या घरात मागच्या दिवाळीत या एका डब्यावर बरंच काही अडलं होतं.

वाईला आमचा जुना वाडा आहे. वाडा म्हटल्यावर सिनेमातला डोळ्यासमोर आणू नका. वाटण्या होऊन आमच्याकडे आलेली ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मधला चौक आणि मागच्या बाजूला एक माडी, एवढंच. ओसरीवर बाबांचं ऑफिस. बाबा कर सल्लागार आहेत, म्हणजे लोकांची जीएसटीची आणि इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरून देतात. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, हाताखाली एक मुलगी, आणि गणपतीच्या फोटोशेजारी कॅलेंडर. त्यात दर महिन्याच्या २० तारखेला लाल गोल. २० ला थ्री-बी रिटर्नची मुदत असते. बाबांचे निम्मे क्लायंट कागद १९ ला आणतात, उरलेले निम्मे २० ला.

माडीवर ताई. ती हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे. श्रावणात आज्जी मोरीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तिला उठवणं-बसवणं आईला एकटीला झेपेना, म्हणून ताईने घरून काम करायची परवानगी काढली आणि लॅपटॉप घेऊन वाईला आली. सकाळी आज्जीचं सगळं आवरायचं, दहाला माडीवर जाऊन लॉगिन करायचं, दुपारी खाली येऊन आज्जीला वॉकर धरून चौकात चार पावलं चालवायचं, की परत वर. छान बसलं होतं सगळं. फक्त ताईचे कॉल तुटत होते. दिवसातून चार-पाच वेळा तिचा चेहरा स्क्रीनवर थिजायचा आणि पलीकडचे लोक 'हॅलो, हॅलो' करत बसायचे. ऑक्टोबरअखेर मॅनेजरने अगदी गोड शब्दांत कळवलं, की महिनाभरात कनेक्शन सुधारलं नाही तर परवानगीचा फेरविचार करावा लागेल. म्हणजे ताई पुण्याला परत, आणि आज्जीचं सगळं आईवर. आणि आईची कंबर आधीच धरलेली.

हे मला ताईने सांगितलं नाही. आईने सांगितलं, चकल्यांच्या डब्याचं झाकण दाबून बसवता बसवता.

"तुमच्या त्या ब्रँचमध्ये याच्यावर काही शिकवतात का गं?"

शिकवतात की! अख्खा विषय आहे. शंभर मार्कांचा.

बाबांचं मत तयार होतं. एका क्लायंटने त्यांना सांगितलं होतं, "साहेब, ड्युअल बँड घ्या, प्रश्न मिटला." बाबांनी तीन हजार बाजूला काढून ठेवले होते आणि मी आल्यावर साताऱ्याला जाऊन आणायचा, एवढंच बाकी होतं.

आता मेकॅनिकल-सिव्हिलच्या मंडळींसाठी थोडक्यात. (ई अँड टीसीवाल्यांनी हा भाग गाळला तरी चालेल, तसेही तुम्ही युनिट तीन आणि पाच गाळताच.) आमच्या ओसरीवर फायबर कनेक्शनबरोबर आलेला डबा होता, मीटरबोर्डाच्या वर टांगलेला. त्याचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालायचं. ड्युअल बँड म्हणजे तो पट्टा आणि शिवाय ५ गिगाहर्ट्झचा, असे दोन रेडिओ एका डब्यात. २.४ चा पट्टा आपल्याकडे २००५ साली लायसन्समुक्त झाला. पण तो आहे सगळा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एकमेकांवर न चढणारी चॅनल्स तीनच: १, ६ आणि ११. त्यातच ब्लूटूथ, त्यातच मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती, त्यातच शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे डबे. ५ गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस आहे. २०१८ मध्ये आपल्या सरकारने त्यातला आणखी मोठा भाग मोकळा केला.

हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर २.४ म्हणजे आपली मेस. काउंटर तीन आणि रांगेत सगळं हॉस्टेल. एकदा रात्री अकराला मी आमच्या विंगमध्ये फोनवरच्या ॲपने मोजलं, तर ३४ हॉटस्पॉट एकाच वेळी चालू होते. चौतिसांपैकी बावीस चॅनल ६ वर! मग सिनेमा गोल फिरत बसतो आणि आपण वॉर्डन मॅडमच्या नावाने बोटं मोडतो. ५ म्हणजे भरपूर काउंटरची दुसरी मेस, पण भिंतीपलीकडे. भिंत ओलांडता आली तर जेवण आहे. लहरीची लांबी २.४ ला साडेबारा सेंटिमीटर, ५ ला त्याच्या निम्म्याहून कमी. जितकी लहर आखूड, तितकी माती-विटा-पाणी तिला जास्त खातात.

आणि आमच्या वाड्याच्या भिंती पांढरीच्या मातीच्या आहेत. दोन फूट जाड!

साताऱ्याच्या दुकानात काउंटरवरच एक काळा, सहा अँटेनांचा डबा मांडला होता. उलटा पडलेला कोळीच जणू. साडेसहा हजार रुपये. दुकानदार बाबांना म्हणाला, "साहेब, हाच घ्या. तीन हजारचा स्पीड आहे, तीन भिंती आरपार." मी विचारलं, "त्यातले पाच गिगाहर्ट्झला किती? आणि पोर्ट गिगाबिट आहेत का?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि उत्तर बाबांना दिलं, "गिगाबिटच असणार, साहेब." मग शेल्फवरचे स्वस्त डबे निघाले. एका बाराशेवाल्या खोक्याच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात पोर्टचा वेग १०/१०० लिहिला होता. म्हणजे वर छापलंय बाराशे आणि वायरीचा दरवाजा शंभरचा.

या आकड्यांबद्दल मला राग आहे, त्यामुळे थोडं लांबण लावते. एसी १२०० मधले बाराशे म्हणजे २.४ चे ३०० अधिक ५ चे ८६७. बेरीज ११६७, आणि वर 'राऊंड ऑफ'. आपला फोन किंवा लॅपटॉप एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो. (नव्या वायफाय ७ मध्ये दोन्ही पट्टे एकदम वापरायची सोय आहे, पण त्यासाठी दोन्ही टोकांची उपकरणं तशी हवीत.) तेव्हा ही बेरीज म्हणजे एम-थ्रीमध्ये ३० आणि ड्रॉइंगमध्ये ८६ पडल्यावर घरी फोन करून "एम-थ्रीमध्ये ११६ पडले" असं सांगण्यासारखं आहे. एएक्स ३००० ची फोड ५७४ अधिक २४०२, आणि ते २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनल राऊटरलाही जमलं पाहिजे आणि लॅपटॉपलाही. शिवाय हे सगळे हवेतले कागदी वेग. प्रत्यक्ष फाइल उतरवताना त्याचे निम्मे-साठ टक्के पदरात पडले तरी देवाला नारळ.

पण आमच्या केसमध्ये खरी गोम वेगळीच होती. घरचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. ताईला बाराशे नको होते आणि तीन हजारही नको होते. तिला चार हवे होते, पण न तुटणारे. दुकानात मला सगळे वेग विकत होते. न तुटण्याचा आकडा कुठल्याच खोक्यावर नव्हता.

त्या दिवशी आम्ही काहीही न घेता परत आलो. एसटीत बाबा पाचवडपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग आता करायचं काय?"

म्हटलं, मोजायचं.

यासाठी राऊटर लागत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण ही युक्ती कुणालाही करता येईल. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये हॉटस्पॉटचा पट्टा निवडता येतो. आईचा फोन स्टुलावर ठेवून त्याचा हॉटस्पॉट आधी २.४ वर आणि मग ५ वर लावायचा आणि दुसऱ्या फोनवर सिग्नलची ताकद डीबीएममध्ये बघायची. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ३० म्हणजे राऊटरच्या मांडीवर बसल्यासारखं, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो असं धरतात, आणि उणे ८० च्या पुढे नुसतं नाव दिसतं, काम होत नाही. तीन डीबी गेले की ताकद निम्मी, दहा गेले की दहावा हिस्सा.

चौकात, मध्ये काही नसताना, पाच मीटरवर २.४ ला उणे ४६ आणि ५ ला उणे ५३ मिळाले. सात डीबीचा फरक. कागदावर सूत्र घालून बघितलं तर तोही साधारण तेवढाच आला! दोन वर्षं मी ज्या फ्रीसच्या सूत्राला शिव्या घातल्या ते आमच्या चौकात, तुळशीवृंदावनाशेजारी बरोबर निघालं, याचा मला विनाकारण आनंद झाला. मग तेवढ्याच अंतरावर, पण मधे माजघराची भिंत घेऊन मोजलं. २.४ ला उणे ५७, म्हणजे भिंतीने अकरा डीबी खाल्ले. ५ ला उणे ७२. एकोणीस डीबी! ताकदीचा जवळजवळ ऐंशीवा हिस्सा शिल्लक.

आज्जी कॉटवरून हे सगळं बघत होती. हातात फोन धरून पाऊल मोजत भिंतीला चिकटून चालणारी नात. शेवटी तिला राहवलं नाही. "काय हरवलंय गं? सापडत नसेल तर दिवा लाव आणि जरा थांब, आपोआप सापडतं."

ओसरी ते माडी म्हणजे अशा दोन भिंती, वर माडीची लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर मातीचा थर. जुन्या डब्याचा माडीवरचा आकडा उणे ७४ होता, आणि त्यावर शेजारच्या तीन घरांचा गोंगाट. म्हणजे ताईचे कॉल तुटायचं कारण तिथेच सापडलं. आता ओसरीवर नवा ड्युअल बँड ठेवला तर माडीवर ५ गिगाहर्ट्झ किती पोचेल? फोनपेक्षा राऊटर दहा डीबीने दमदार धरला तरी बेरीज-वजाबाकी करून उत्तर उणे १०० च्या आसपास येत होतं. म्हणजे नाहीच. ताई परत २.४ वरच राहणार आणि तिथेच अडकणार, फक्त डबा नवा.

"मग सहा अँटेनावाला?" बाबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. जास्त अँटेनांनी थोडी मदत होते, नाही असं नाही. पण कॉल दोन्हीकडून असतो. राऊटर माडीपर्यंत ओरडेलही, लॅपटॉपने तिथून ओसरीपर्यंत उत्तर द्यायचं कशाच्या जोरावर? त्याची अँटेना तीच, बॅटरी तीच. आपण मैदानाच्या या टोकाला लाऊडस्पीकर लावला म्हणून पलीकडच्या माणसाचा आवाज मोठा होत नाही. ताईच्या बाबतीत तर तिचाच आवाज जायला हवा होता.

रिपीटरचा विचार केला आणि सोडला. तो त्याच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यात निम्मा वेळ जातो. शिवाय तो ठेवायचा कुठे? जिथे सिग्नल चांगला तिथून माडी दूर, आणि माडीजवळ सिग्नल वाईट. मेशचे तयार संच महाग होते, आणि त्यांचे डबेसुद्धा एकमेकांशी हवेतूनच बोलणार, त्याच भिंतीतून.

शेवटी ठरलं ते असं: हवेतून भिंत ओलांडायचीच नाही. माडीपर्यंत केबल न्यायची आणि वर एक स्वतंत्र राऊटर ठेवायचा. कोळ्याच्या किमतीत साधे दोन येत होते. मी एएक्स १५०० चे दोन सुचवले. फोड ३०० अधिक १२०१, अँटेना चार, दिसायला अगदीच बापुडवाणे. दोन्ही मिळून ५,२०० रुपये. बाबांचे तीन हजार, पुढचे ताईने दिले. "नोकरी माझी आहे," ती म्हणाली आणि यूपीआयचा पिन टाकला. (कंपनीचं नाव मी इथे देत नाही. नियतकालिकात जाहिरातींसाठी शेवटची पानं आहेत, दर सरांकडे मिळतील.)

निवडताना मी काय बघितलं? एक तर पोर्ट खरोखर गिगाबिट आहेत का. इंटरनेट शंभरचं असलं तरी बाबांच्या दोन कॉम्प्युटरमध्ये टॅलीचा डेटा आणि बॅकअप आपसात फिरतो, त्याला शंभरचा दरवाजा कमी पडतो. दुसरं म्हणजे ॲक्सेस पॉइंट मोड आहे का, कारण वरच्या डब्याने राऊटरगिरी करायचीच नव्हती. दोन घरमालक झाले की पत्ते वाटण्यात गोंधळ होतो आणि ताईच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर दिसत नाही. तिसरं, दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं देता येतात का. हे क्षुल्लक वाटतं, पण बाबांचा प्रिंटर फक्त २.४ ओळखतो, आणि दोन्ही पट्टे एकाच नावाखाली असले की अशी जुनी यंत्रं कधीकधी जोडायलाच कुरकुरतात. २० तारखेला प्रिंटर गायब झालेला आमच्या घरात कुणालाही परवडत नाही.

आणि गेस्ट नेटवर्क. ऑफिसमध्ये येणारा प्रत्येक माणूस बसल्या बसल्या विचारतो, "वायफायचा पासवर्ड काय हो?" बाबा संकोची. टेबलाच्या काचेखाली त्यांनी तो कागदावर लिहूनच ठेवला होता. त्याच नेटवर्कवर बाबांचा कॉम्प्युटर, त्यात दीडशे लोकांचे पॅन, बँकेचे आकडे, सगळं. आता क्लायंटना वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड आहे. त्यांना इंटरनेट मिळतं, आतलं काही दिसत नाही. मला विचाराल तर लहान ऑफिससाठी राऊटर घेताना वेगाच्या आधी हे बघावं. डब्ल्यूपीए३ ची सोयही बघून घेतली. वायफाय ६ चं सर्टिफिकेट असलेल्या डब्यात ती असते. वायफाय ६ चा गर्दी सांभाळण्याचा गुण आमच्या आठ-दहा उपकरणांना फारसा लागत नाही (हॉस्टेलला लागेल, कुणीतरी रेक्टर सरांच्या कानावर घाला), पण किमतीत फरक थोडा होता, म्हणून घेतलं.

केबलचं प्रकरण रंगलं. दुकानदाराने आधी कॅट-६ म्हणून जी दिली तिची तार मी ब्लेडने खरवडली, तर आतून पांढरी! ॲल्युमिनियमवर तांब्याचा थर. आईने घरी तो तुकडा बघितला आणि एका शब्दात निकाल दिला, "मुलामा." ती परत करून पूर्ण तांब्याची आणली, ३० मीटर. पांढरीच्या भिंतीला भोक पाडायला बाबांनी साफ नकार दिला. एकदा खिळा मारला तर परातभर माती पडते, त्यामुळे त्यांचं बरोबरच होतं. मग ओसरीच्या झरोक्यातून चौकात, चौकाच्या कडेने तुळयांखालून आणि जिन्याच्या कठड्याला धरून वर, असा मार्ग काढला. क्लिपा ताईने ठोकल्या, कनेक्टर मी क्रिम्प केले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. लॅबमध्ये हे पाठ करताना वाटायचं, याचा आयुष्यात उपयोग काय!

मग फायबरवाल्याच्या माणसाला दोन फोन करून बोलावलं आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद करून त्याला ब्रिज मोडला टाकून घेतलं. आता तो फक्त उजेडाचा करंट करतो, बाकी सगळं खालचा नवा राऊटर बघतो. खाली चॅनल १, वर ११, म्हणजे आपल्याच दोन डब्यांची भांडणं नकोत.

राहिली लाईट. आमच्याकडे लाईट जाते, आणि बरोबर कॉलच्या वेळी जाते. म्हणून राऊटर निवडताना मी ॲडॉप्टरवरचा आकडाही वाचला होता, १२ व्होल्ट. फायबरचा डबाही १२ व्होल्टचा. दोन्ही सारखे असले की एका छोट्या यूपीएसवर चालतात. या यूपीएसच्या खोक्यावरही आकड्यांचा तोच खेळ आहे बरं का. १०,००० एमएएच लिहितात, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे. म्हणजे ३७ वॉट-अवर. दोन डबे मिळून बारा वॉट ओढत असतील तर कागदावर तीन तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. माडीवरच्या राऊटरला वेगळा यूपीएस लागला. तो बाबांनी भाऊबीजेला ताईला माझ्या वतीने घेऊन दिला. मी बहीण आहे, भाऊ नाही, हे त्यांना सांगून उपयोग झाला नाही.

माडीवर आता ५ गिगाहर्ट्झला उणे ४४ येतात. नोव्हेंबरमध्ये ताईचा कॉल एकदाच तुटला, तोही रस्त्यावर जेसीबीने फायबर उखडली तेव्हा, आणि त्या दिवशी अख्ख्या आळीचंच बंद होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मॅनेजरची मेल आली, परवानगी मार्चअखेरपर्यंत वाढवल्याची. त्यात कनेक्शनचा उल्लेखच नव्हता. मार्चनंतर काय ते कंपनी बघेल. तोवर आज्जी वॉकर सोडून काठीवर येईल असं डॉक्टर म्हणाले आहेत. संक्रांतीला मी गेले तेव्हा ती वॉकरवरच, पण कुणी न धरता, चौकातून ओसरीपर्यंत आली आणि बाबांच्या क्लायंटसमोर खुर्चीत बसून त्याला म्हणाली, "पासवर्ड तिकडे पाटीवर लिहिलाय. आतला मागू नका."

एक काम बाकी आहे. सगळे आकडे मी दिवाळीत घेतले, भिंती खडखडीत वाळलेल्या असताना. पावसाळ्यात वाईला माती ओल धरते आणि ओली भिंत ५ गिगाहर्ट्झला आणखी खाणार. माजघरात आज्जीच्या कॉटजवळ खालच्या राऊटरचे आत्ता उणे ६४ आहेत, म्हणजे तीनच डीबी हातात. आकड्यांचा कागद माजघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय, शेजारी एक रकाना मोकळा सोडून. ओरल्स संपल्या की जूनमध्ये जाऊन पुन्हा मोजणार आहे.